वाऱ्याचा बंदोबस्त

धोंडेवाडीच्या पाझर तलावाच्या कामावर वारा येतो, ही बाब शासनाच्या निदर्शनास पहिल्यांदा पौषात आली. त्याआधी तो येत नव्हता असं नाही. पण बहात्तर सालचा पाऊस आला नाही, त्याचीच कागदपत्रं इतकी झाली होती की जे येत होतं त्याच्याकडे बघायला सवड कोणाला होती?

मी रखमाजी, त्या कामावरचा हजेरी कारकून. लोक मला भाऊसाहेब म्हणत, आणि ते योग्यच होतं. कोल्हारपासून आत एका उघड्या माळावर आमचं काम चाले. आसपासच्या गावांतली रिकामी झालेली माणसं तिथे माती वाहत होती, त्यांत बाया जास्त. बायांबरोबर तान्ही पोरं आली, म्हणून सरकारने बालसंगोपन केंद्र मंजूर केलं. कागदावर ते केंद्र होतं. माळावर ती चार मेढी रोवून, भोवती बांबूचे तट्टे उभे करून केलेली खोप होती. पोरं सांभाळायला मालनबाईला नेमलं. मोठी प्रेमळ बाई. कोणतंही पोर हातात आलं की त्याचा मुका घेतल्याशिवाय खाली ठेवायची नाही. नेमणुकीच्या वेळी तिला खोकला झालेला होता, पण नेमणुकीच्या अटींत खोकल्याबद्दल काहीच म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे हरकत घेण्याचा प्रश्न आला नाही.

पुढच्याच आठवड्यात खोपीतलं एक पोर खोकायला लागलं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं.

पोरं का खोकतात, याबद्दल कामावर अजिबात दुमत नव्हतं. बाया म्हणाल्या, वारा लागला. मुकादम सूर्यभान म्हणाला, वारा लागला. ओव्हरसियरसाहेब जीपमधून उतरले, कानाला मफलर गुंडाळला आणि कोणी विचारायच्या आधीच सांगितलं, वारा लागलाय. एखाद्या गोष्टीवर मजूर आणि साहेब यांचं एकमत व्हावं, हे मी नोकरीत प्रथमच पाहत होतो. अशा गोष्टीची खातरजमा करत बसणं म्हणजे उद्धटपणाच झाला असता.

साहेबांनी हुकूम दिला, "रखमाजी, वाऱ्याचा बंदोबस्त करा."

मी लागलो कामाला. वारा उत्तरेकडून येत होता, म्हणून उत्तरेच्या तट्ट्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून त्यांचं गोणपाट ठोकलं. चार-पाच दिवसांत आणखी पोरं खोकू लागली. याचा अर्थ सरळ होता. उत्तरेने अडवलेला वारा दुसऱ्या बाजूने शिरत होता. मग पूर्व बंद केली, मग पश्चिम. गोणपाट संपलं. पण गावात बैलांच्या झुली भरपूर होत्या, कारण बैल घोडेगावच्या बाजारात गेले होते आणि झुली घरी राहिल्या होत्या. लोकांनी त्या आणून दिल्या, कोणी कुरकुर केली नाही. आरसे लावलेल्या, गोंडे असलेल्या त्या झुली खोपीवर चढल्या तेव्हा ती पोळ्याला सजवल्यासारखी दिसत होती. ज्यांनी आणल्या त्यांतले काही जण त्यांच्याकडे बघत जरा वेळ उभे राहिले आणि मग कामावर गेले.

तरीही खोकला वाढतच होता. वारा मोठा लबाड! सूर्यभान आत जाऊन, हात फिरवून, फटी शोधून आला. आम्ही त्या शेणामातीने लिंपल्या. दाराला दुहेरी घोंगडं लावलं, आणि ते उडू नये म्हणून मालनबाईने त्याला पाठ लावून बसावं असं ठरलं. आत ऊब राहावी म्हणून शेणकुटांची शेगडी ठेवली. पोरांना ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी द्यायची आपल्याकडे रीतच आहे. ती सकाळी देत होतो, मग दुपारीही देऊ लागलो. दिवसाढवळ्या आत कंदील लागायचा. धुरात बाकीचं काही दिसत नसे, पण खोकण्याच्या आवाजावरून सगळी पोरं हजर असल्याची खात्री पटायची. कारकुनाला आणखी काय हवं?

एवढ्यात दवाखान्याचे डॉक्टर तपासणीला आले. तरुण माणूस, नुकताच शिकून आलेला. ते घोंगडं बाजूला करून आत गेले आणि लगेच डोळे पुसत बाहेर आले.

"हे काय करून ठेवलंय?" ते म्हणाले. "अहो, वारा कोणाला खोकवत नाही. खोकला माणसापासून माणसाला लागतो. थंडी पडली की माणसं दारं लावून दाटीनं बसतात. एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जातो. त्यातून ही कोरडी हवा घसे सुकवते, मग साथीला आयतंच फावतं. काढा हे सगळं. पोरं उन्हात ठेवा, मोकळ्यावर. आणि त्या मावशींना आधी घरी पाठवा."

ओव्हरसियरसाहेबांनी शांतपणे विचारलं, "हे लेखी द्याल का?"

डॉक्टर म्हणाले, "लेखी म्हणजे... वर सगळे वाराच म्हणतात हो. परवा तालुक्याला बैठकीत मी हे बोललो, तर तिथल्या साहेबांनी मला विचारलं, तुमच्या आईनं तुम्हाला कधी कानटोपी घातली नाही का? आता यावर काय बोलणार?" मग ते ऑफिसच्या तंबूत चहा घ्यायला बसले आणि मला म्हणाले, "तो पडदा जरा ओढा हो. पाठीला वारा लागतोय."

मी पडदा ओढला. विद्वान माणसाबद्दल मला आदर आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. तिचं नाव राहीबाई.

राहीबाईचा नवरा कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला. घरी म्हातारी सासू आणि पदरात सहा महिन्यांची भागिरथी, तिला ती भागी म्हणायची. चूल चालायची ती राहीबाईच्या हजेरीवर. जितके दिवस हजेरी, तितके दिवस घरात रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी. ही राहीबाई आपलं पोर खोपीत ठेवतच नव्हती. खोपीपासून थोड्या अंतरावर एक बाभूळ होती, तिच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, आत भागीला टाकायची आणि मातीची पाटी घेऊन यायची. जाता-येता झोळीला एक झोका द्यायची. सबंध माळावरचा वारा त्या झोळीत शिरायचा आणि निघून जायचा.

तिने हे काही शहाणपणाने केलं होतं असं कोणी समजू नये. टँकरवर पाण्याच्या पाळीवरून तिचं आणि मालनबाईचं वाजलं होतं. मालनबाईने तिची घागर रांगेतून मागे सरकवली, आणि त्या दिवसापासून राहीबाई तिचं तोंड बघत नव्हती. तेवढंच कारण.

पण घोटाळा असा की भागी खोकत नव्हती. खोपीतली झाडून सगळी पोरं खोकत होती, आणि थंडी-वाऱ्यात उघड्यावर टांगलेली ही एकटी पोर झोळीतून पाय काढून खिदळत होती. ही बाब सूर्यभानने माझ्या कानावर घातली, मी ती ओव्हरसियरसाहेबांच्या कानावर घातली. साहेबांचा चेहरा गंभीर झाला.

"वारा तिला का लागत नाही?" ते म्हणाले.

"तेच कळंना साहेब," सूर्यभान म्हणाला. "सगळा वारा तिच्यावरूनच जातो."

साहेबांनी माळावर उभं राहून बराच वेळ निरीक्षण केलं. झोळी हलत होती. पुढे, मागे. पुढे, मागे. झोळी मागे गेली की खोपीवरच्या झुलीचे गोंडे हलायचे. साहेबांनी माझा दंड धरला.

"रखमाजी, बघितलंत? ती झोळी वारा घालतेय. आपण इकडे बंदोबस्त करतोय आणि ही बाई तिकडे वारा तयार करतेय! पोर झोळीत, म्हणून वारा तिला लागत नाही. तो जातो सरळ खोपीवर."

मी थक्क झालो. रोज तिथे असून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. म्हणूनच तर मी कारकून राहिलो. त्याच दुपारी नोटीस तयार झाली. सदर मजूर स्त्री विनापरवाना झोळी हलवून वारा उत्पन्न करीत असून, तो केंद्रातील बालकांच्या आरोग्यास बाधक ठरत आहे. सबब, मूल उद्यापासून केंद्रात दाखल करावे, अन्यथा हजेरी लावली जाणार नाही.

मी ती तिला वाचून दाखवली.

"म्या वारा करते?" राहीबाई म्हणाली. "मला यवढा वारा करता आला असता तर ढग न्हाई का आनले असते?"

"हे बघ राहीबाई, वाद घालू नकोस. उद्या पोर खोपीत ठेव."

"न्हाई ठेवायची. त्या मालनबाईच्या हाती तर मुळीच न्हाई."

"मग हजेरी नाही."

ती पाटीच्या कडेला हात धरून उभी राहिली. आवाज खाली आला. "भाऊसाहेब, भांडान हाय ते खरं. पर भांडान निमित्त हुतं. हिच्या आगुदर एक झाली हुती मला. आशीच खोकून खोकून गेली. तवाबी समदी म्हनली, दार लावा, दार लावा. म्या त्या घोंगड्यामागं कान दिऊन ऐकलं काल. माझं काळीज हुबं ऱ्हाईना. एवढी एकच हाय माझी. तिला आत नका घालाया लावू."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पण मस्टरमध्ये वाईट वाटण्याचा रकाना नसतो. मी म्हणालो, "मग सासूला खायला काय घालशील?" तिने पाटी खाली ठेवली. झोळी सोडवून, पोर कडेवर घेऊन घराकडे गेली. जाताना भागी माझ्याकडे बघून हसली, ते मला अजिबात आवडलं नाही.

त्याच संध्याकाळी निरोप आला की दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेब येणार आहेत. कामावरचा खोकला त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, म्हणजे कागदावर. सकाळपासून वाऱ्याने नुसता कहर मांडला होता. साहेब उतरले ते कोट, त्यावर शाल, त्यावर मफलर अशा तयारीने, आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "बैठक कुठे आहे? वारा नसेल अशी जागा हवी."

माळावर तशी एकच जागा होती. आम्ही सर्वांनी अभिमानाने खोपीकडे बोट दाखवलं.

साहेब खोप बघून खूश झाले. पण आत पोरं होती, आणि खुर्च्या मांडायला जागा नव्हती. तेव्हा केंद्रातील लाभार्थ्यांना तात्पुरतं अन्यत्र हलवावं असं ठरलं. बाया हातातल्या पाट्या टाकून धावत आल्या. माळावर बाभळींशिवाय होतं काय? ज्या झाडाला जागा मिळेल तिथे त्यांनी झोळ्या बांधल्या. पोरं उन्हात डोळे मिचकावायला लागली. एवढा उजेड त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात राहीबाई आली. रात्रभर रडली असावी, डोळे सुजलेले होते. सासूकडे बघून तिने मनाशी ठरवलं होतं. भागीला दोन्ही हातांनी छातीशी धरून ती खोपीच्या दाराशी आली आणि मान खाली घालून म्हणाली, "घ्या."

दारावर प्रांतसाहेबांचा पट्टेवाला उभा होता. त्याने हात आडवा केला. "कुठं चालली? साहेब बसलेत आत. पोरांना आत येऊ द्यायचं नाही."

"पर मला नोटीस हाय. पोर आत ठिवली न्हाई तर हजेरी न्हाई."

"आत पोर दिसलं तर माझी नोकरी नाही. हो मागं."

राहीबाईने त्याच्याकडे पाहिलं, घोंगड्याकडे पाहिलं, आणि एकदम वळून जवळजवळ पळतच बाभळीकडे गेली. बाकीच्या झोळ्यांच्या रांगेत तिने आपली झोळी बांधली. ती रडत होती की हसत होती, ते मला तिथून कळलं नाही. शिवाय मला आत बोलावणं आलं होतं.

बैठक उत्तम झाली. घोंगडं घट्ट लावून त्यावर बाहेरून दगड ठेवले होते. शेगडी पेटलेली, कंदील लावलेला. आत प्रांतसाहेब, ओव्हरसियरसाहेब, डॉक्टर, सूर्यभान, मी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी, गुडघ्याला गुडघा लावून. मालनबाईला पोरं नसल्याने काम नव्हतं, म्हणून चहाचं काम तिच्याकडे दिलं. साहेबांना चटका बसू नये म्हणून तिने प्रत्येक कप आधी फुंकून दिला. मधूनमधून ती खोकायची, पण पदर तोंडाला लावायला हात मोकळा कुठे होता?

चर्चा खोलात गेली. वारा आपल्या तालुक्यात तयार होत नसून तो बाहेरून येतो, हे सर्वांना मान्य झालं. त्याला हद्दीवरच थोपवता येईल का, याबद्दल शेजारच्या तालुक्याशी पत्रव्यवहार करावा असं ठरलं. झोळ्यांच्या हालचालीला परवाना ठेवावा, तो केवळ वारा पडलेला असताना वापरावा, असाही ठराव आला. डॉक्टरांनी एकदा तोंड उघडलं. प्रांतसाहेबांनी विचारलं, "काही सांगायचंय?" डॉक्टर म्हणाले, "नाही, जरा श्वास घेत होतो." दुपार टळली तरी विषय संपेना. शेवटी प्रांतसाहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि बैठक तहकूब झाली.

तहकूब झाली, संपली नाही. हा फरक लक्षात घ्या. बैठक संपली नसल्यामुळे खोप बैठकीच्या ताब्यात होती. साहेबांची खुर्ची, कंदील, मंडळींचे कप जसेच्या तसे आत ठेवून मी दाराला दोरी बांधली आणि लाखेचं सील केलं. पुढची तारीख मिळेपर्यंत तिथे पोरं ठेवता येणं शक्य नव्हतं. नोटिशीप्रमाणे राहीबाईचं पोर केंद्रात हवं होतं, पण केंद्रच सील असल्यामुळे ती कसूर तिची धरता येईना. नाइलाजाने मी तिची हजेरी लावली.

पुढची तारीख मिळाली नाही. प्रांतसाहेब अंथरुणाला खिळले. त्यांच्या मागोमाग ओव्हरसियरसाहेब, मग डॉक्टर, मग सूर्यभान. सगळ्यांचा खोकला एकाच चालीवरचा होता. मी तंबूत दोन घोंगड्यांखाली पडून मस्टर भरत होतो. बाहेर झोळ्या हलत होत्या, रांगेने, नियमांची पर्वा न करता. मालनबाई उन्हात बसून लांब दोऱ्यांनी त्यांना झोके देत होती. तिचा खोकलाही एव्हाना थांबला होता. राहीबाई तिच्याशी अजून बोलत नव्हती, पण तिने भागीच्या झोळीची दोरी तेवढी मालनबाईच्या हाताशी आणून ठेवली होती.

आणि पोरांचा खोकला ओसरत गेला. नवीन पोर एकही खोकेना. मी अहवाल लिहिला. वाऱ्याच्या बंदोबस्ताची बैठक होताच बालकांमधील खोकला आटोक्यात आला, सबब बंदोबस्त यशस्वी. अहवाल वर गेला. वरच्या मंडळींना तो इतका पसंत पडला की हाच बंदोबस्त कचेऱ्यांना लागू करण्याचा हुकूम निघाला. खिडक्यांना गोणपाट लागलं, फटी लिंपल्या गेल्या, कारकुनांच्या टेबलांमध्ये शेगड्या आल्या. माझी तालुक्याला बदली झाली, तीही बढतीवर. तिथे सगळे खोकत होते, आणि जो तो दुसऱ्याला म्हणत होता, अजून वारा कुठून तरी येतोय.

निघताना राहीबाई निरोपाला आली होती. भागी कडेवर, गालावर मिलोचं पीठ लागलेलं. मला बोलताना उबळ आली, तेव्हा ती माऊलीसारखी काळजीने म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी लई खोकता वो. हितंच ऱ्हावा आठ दिस. तुमालाबी एक झोळी बांधते."

सरकारी नोकराला झोळी! मी जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरला काच वर करायला सांगितलं.

तुम्ही हसताय. हसा, काही हरकत नाही. बाहेर गारठा आहे, आणि तुम्ही दारं लावून, पायावर पांघरूण घेऊन, घरच्या चार माणसांत हे वाचत बसला आहात. मघाशी, भागी खिदळत होती तिथे कुठेतरी, तुमच्या शेजारचं माणूस दोनदा खोकलं. ऐकलंत तुम्ही. पुस्तक खाली ठेवून उठलात, आणि एकच खिडकी उघडी होती ती लावून आलात.